तासगाव रस्त्यावरचे बांधकाम साहित्याचे दुकान : यार्डाच्या बाजूने पाहिलेले

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही घराच्या पायाला हात घातला आणि जानेवारी २०२६ मध्ये रंगकाम आटोपून राहायला गेलो. नऊशे चौरस फुटांचे, तळमजल्याचे साधे घर. त्याला ३८० पोती सिमेंट, साधारण साडेतीन टन सळई, सतरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू आणि जवळपास तितकीच खडी लागली, आणि विटा सोडल्या तर हा बहुतेक सगळा माल मी तासगाव रस्त्यावरच्या एकाच दुकानातून घेतला. अकरा महिन्यांत चाळीसहून अधिक चलने, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या पावत्या, माझ्या हातून गेली असल्यामुळे या दुकानाविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

दुकानाचे नाव मी येथे देत नाही. मी स्वतः सांगलीत याच धंद्यात चौदा वर्षे यार्डाचा, म्हणजे दुकानामागच्या माल ठेवण्याच्या आवाराचा, दिवाणजी म्हणून नोकरी केली आहे आणि धंद्यातल्या जुन्या माणसाने नाव घेऊन कोणाची शिफारस किंवा तक्रार चारचौघांत मांडावी हे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय मी येथे जे पाहिले ते वाचकाला आपल्या गावातल्या कोणत्याही दुकानात जाऊन पाहता येईल.

घर बांधणारा माणूस बहुधा काउंटरवर बसतो, सिमेंटचा आणि सळईचा भाव विचारतो, चार दुकानांचे आकडे कागदावर उतरवून घेतो आणि ज्याचा आकडा कमी त्याच्याकडे जातो. त्यात काही चूक नाही, कारण कर्ज काढून घर बांधणाऱ्याला किलोमागचा रुपयासुद्धा मोजावा लागतो. पण ठरलेल्या भावात प्रत्यक्ष माल किती आला, तो किती जुना होता, तो कोणी मोजला आणि कशावर लिहिला, हे सगळे काउंटरच्या मागच्या दाराबाहेर ठरते. म्हणून पहिल्या दिवशी मी मालकांना नमस्कार करून, भाव विचारण्याआधी, यार्ड पाहू का असे विचारले. त्यांनी आढेवेढे न घेता मागचे दार उघडून दिले आणि स्वतः बरोबर न येता दिवाणजींना हाक मारली. माझ्या पुढच्या साऱ्या व्यवहाराचा पाया तेथे पडला.

यार्ड साधारण अर्ध्या एकराचे आहे. फाटकाशी वजनकाटा, डावीकडे सळईचे लोखंडी घोडे, उजवीकडे सिमेंटचे गोदाम आणि मागे क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), प्लास्टर सँड, दहा एमएम आणि वीस एमएम खडी यांचे ढीग, प्रत्येक ढिगाच्या मध्ये सिमेंट ब्लॉकची कमरेएवढी भिंत. ही भिंत क्षुल्लक वाटते, पण ती नसेल तर पावसाळ्यात वाहून आलेली बारीक कच खडीत मिसळते आणि लोडरचा ड्रायव्हर ढिगाच्या कडेचा मिसळलेला माल उचलून गाडीत टाकतो. गाडी एका फाटकाने आत येते आणि दुसऱ्याने बाहेर पडते, त्यामुळे रिकामी आणि भरलेली गाडी काट्यावर एकमेकींची वाट अडवत नाहीत.

सिमेंटच्या गोदामात मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पोती जमिनीवर टेकलेली नव्हती; वीतभर उंचीच्या लाकडी फळ्यांवर थप्प्या लावलेल्या होत्या. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी, दीड फुटाची, जागा सोडलेली होती. एकाही थप्पीत दहापेक्षा जास्त पोती एकावर एक नव्हती आणि वरच्या थरांत एक ओळ उभी तर दुसरी आडवी लावून थप्पी बांधून घेतलेली होती. हे सारे भारतीय मानकात लिहिलेलेच आहे. पण जागेचे भाडे वाचवायला पंधरा-पंधरा पोती चढवणारी आणि भिंतीला टेकवणारी दुकाने मी खूप पाहिली आहेत. दाबाने खालच्या पोत्यांत गोळे होतात आणि भिंतीची ओल मागच्या रांगेला धरते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, कारण त्याला समोरच्या रांगेतले पोते दाखवले जाते.

प्रत्येक थप्पीवर खडूने एक आकडा लिहिलेला होता. मी विचारण्याआधीच दिवाणजी म्हणाले, "काका, हा आठवडा आहे. पोत्यावर छापलेला असतो तोच. ज्याचा आकडा जुना ती थप्पी आधी सुटते." हे दिवाणजी म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, जवळच्याच गावचा मुलगा. खडूचा तो आकडा पाहून मला जे वाटले ते सांगायचे तर मला माझ्या नोकरीतली एक चूक सांगितली पाहिजे.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या पावसाळ्यात नवीन आलेला माल मी जुन्या मालाच्या पुढे उतरवून घेतला. हमाल घाईत होते, गाडीवाल्याला परत जायचे होते आणि मागे जायला वाट करून देण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. चार महिने आम्ही पुढचाच माल विकत राहिलो. दिवाळीनंतर मागची पोती हाताला लागली, ती मी एका शिक्षकांच्या घरावर पाठवली आणि महिनाभराने ते गृहस्थ यार्डात येऊन उभे राहिले. त्यांनी मला घरी नेले, भिंतीवर नखाने रेघ ओढली आणि गिलाव्याची भुकटी माझ्या पायांवर पडली. दोन खोल्यांचा गिलावा त्यांनी काढून पुन्हा केला. चलनावर सही माझी होती. सिमेंट चांगले ठेवले तरी तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण २० टक्के आणि सहा महिन्यांत ३० टक्के उतरते, असा बांधकामातला ढोबळ हिशेब आहे, आणि तीन महिन्यांवरचे सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये असे म्हणतात ते त्यासाठीच. हे मी त्या भिंतीसमोर शिकलो. म्हणून खडूने लिहिलेला आठवडा मला दुकानाच्या पाटीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अकरा महिन्यांत मला आलेले सर्वांत जुने पोते सात आठवड्यांचे होते.

सिमेंटबाबत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. स्लॅबसाठी मी ५३ ग्रेडचे ओपीसी (राख न मिसळलेले साधे सिमेंट) मागितले, तेव्हा दिवाणजींनी सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू) किती दिवसांनी काढणार हे विचारले. घाई नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितले की पीपीसी चालेल, त्यात फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) असल्यामुळे ते सुरुवातीला सावकाश जोर धरते, पण मग पाणी मारणे सात दिवसांवर थांबवू नका, निदान दहा दिवस मारा. पीपीसीचा भाव कमी होता, म्हणजे या सल्ल्यात दुकानाचा तोटा होता. गवंडी सांगतो ते पाठवायचे आणि मोकळे व्हायचे, अशी या धंद्यातली सर्वसाधारण रीत आहे, आणि हा मुलगा ती पाळत नाही.

सळईचा विषय जरा सविस्तर लिहितो, कारण घरबांधणीत सर्वांत जास्त पैसे नकळत येथेच जातात. सळईचे वजन काढण्याचे सूत्र प्रत्येक फिटरला पाठ असते : जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. आठ एमएमची सळई मीटरला ०.३९५ किलो, दहाची ०.६१७, बाराची ०.८८८ आणि सोळाची १.५८ किलो. सळई बारा मीटरची, म्हणजे आमच्या भाषेत चाळीस फुटी, येते. म्हणून आठ एमएमची एक पूर्ण सळई ४.७४ किलो भरली पाहिजे. पण आयएस १७८६ या मानकाने कारखान्याला थोडी सूट दिलेली आहे. दहा एमएमपर्यंत सात टक्के, बारा ते सोळापर्यंत पाच टक्के आणि त्यावर तीन टक्के इतके वजन कमी-जास्त चालते. कारखाना साहजिकच सळई हलकी काढतो. आता जो दुकानदार नगावर किंवा बंडलावर सूत्राच्या वजनाने बिल करतो, तो ४.४५ किलोच्या सळईचे ४.७४ किलोचे पैसे घेतो. यात त्याने कायद्याने हलका माल विकलेला नसतो, तरीही गिऱ्हाइकाच्या खिशातून साडेतीन टनांमागे शंभर किलोंहून अधिक लोखंडाचे पैसे जाऊ शकतात.

या दुकानात सळई प्रत्यक्ष वजनावर मिळते. रिंगांसाठी मी आठ एमएमच्या शंभर सळया घेतल्या त्या दिवसाचे चलन माझ्यापुढे आहे. सूत्राने ४७४ किलो व्हायला हवे होते, काट्यावर भरले ४६० आणि बिल ४६० चेच झाले. रिकामा टेम्पो माझ्यासमोर काट्यावर चढवला, ड्रायव्हरला खाली उतरवले, आकडा मला वाचायला लावला, मग भरून पुन्हा चढवला आणि तेव्हाही ड्रायव्हर खाली. ड्रायव्हरला खाली उतरवणे ही फार जुनी आणि फार आवश्यक सवय आहे : रिकाम्या वेळी तो खाली आणि भरलेल्या वेळी वर बसला तर सत्तर किलोंचा माणूस लोखंडाच्या भावाने विकला जातो. मोठ्या काट्याचा आकडा पाच-पाच किलोंनी सरकतो, म्हणून वीस-पंचवीस किलोंची किरकोळ सळई आणि बाइंडिंग वायर येथे वेगळ्या छोट्या काट्यावर मोजतात. दोन्ही काट्यांवर वैधमापन विभागाच्या चालू वर्षाच्या पडताळणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे आणि ते उन्हात पिवळे पडू नये म्हणून सावलीच्या बाजूला आहे. सळया घोड्यांवर, जाडीप्रमाणे वेगळ्या आणि वरून ताडपत्रीने झाकलेल्या असतात. मला आलेल्या मालावर हलका तांबूस गंज होता, पापुद्रे सुटणारा गंज कधीच नव्हता.

वाळूने मात्र मला त्रास दिला, आणि तो लपवून हे परीक्षण पुरे होणार नाही. नदीची वाळू आता आमच्या भागात सामान्य माणसाच्या आवाक्यात क्वचितच असते; २०२३ मध्ये शासनाने ६०० रुपये ब्रासचे धोरण आणल्यापासून काउंटरवर त्या भावाची चौकशी करणारे लोक मी आजही पाहतो, पण घरे क्रश सँडवरच उभी राहत आहेत. ब्रास काढताना गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजायची, गुणाकार करायचा आणि शंभराने भागायचे, इतके ते सरळ आहे. या दुकानाची पद्धत अशी की दिवाणजी स्वतः हौद्यावर चढतात, वरचा माल फावड्याने सपाट करून घेतात, चार कोपऱ्यांत आणि मधोमध सळईचा तुकडा खुपसून उंची घेतात आणि तिन्ही मापे चलनावर लिहितात. मापे लिहिलेल्या एकाही गाडीत मला कमी माल आला नाही. वाटेत हादरून माल दोन बोटे दबतो, तेवढाच फरक.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आलेल्या गाडीच्या चलनावर मापे नव्हती, नुसते 'तीन ब्रास' लिहिलेले होते. मी टेप घेऊन चढलो. हौदा चौदा फूट लांब, सात फूट रुंद आणि मालाची उंची अडीच फूट. म्हणजे २४५ घनफूट, अडीच ब्रासला किंचित कमी. हादऱ्याने सहा इंच माल दबत नाही. मी फोन केला तेव्हा समजले की दिवाणजी चार दिवस रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी काउंटरवरचा एक मुलगा उभा आहे. त्या मुलाने गाडीवाल्याने सांगितलेला आकडा लिहून घेतला होता. पुढचे पाच दिवस मला फोनवर वेगवेगळी उत्तरे मिळाली. एकदा तर वाळू माझ्या अंगणात उतरल्यावर कोणी नेली असेल असेही सुचवले गेले, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. दिवाणजी परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून हौद्याची मापे घेतली, तीच गाडी यार्डात बोलावून मोजली आणि दुसऱ्या दिवशी अर्धा ब्रास वाळू भाडे न लावता पाठवून दिली. माल मिळाला, पण जे नियम यार्डाचे म्हणून मला दिसत होते ते एका माणसाचे होते, हे त्या पाच दिवसांत उघड झाले. या दुकानाबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. मालकांनी दुसरा माणूस तयार केला पाहिजे आणि तोवर मापे न लिहिलेले चलन फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.

पावसाळ्यातल्या वाळूबाबत एक गोष्ट मीही त्यांना दाखवली. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसून ते एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे तीच वाळू पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त जागा व्यापू शकते, आणि मापाने विकणाऱ्याला नकळत पाणी आणि हवा विकता येते. मी काचेच्या सरळ बाटलीत सहा इंचांपर्यंत ओलसर वाळू सैलसर भरली, तिच्यावर पाणी ओतून ती पूर्ण बुडवली, हलवली आणि बसू दिली. वाळू पाच इंचांवर आली. म्हणजे पाचावर एक, वीस टक्के फुगवटा. दिवाणजी उकिडवे बसून बाटलीकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "काका, ही बाटली मी ठेवून घेऊ का?" पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती काट्याच्या खिडकीत होती आणि तिच्यावर इंचांच्या खुणा करून चिकटपट्टी लावलेली होती. पावसाळ्यात या बाटलीचा आकडा पाहून आता ते मापातून सूट देतात. सतरा ब्रासांत माझा यात काही फार मोठा फायदा झाला नाही, पण मला समाधान वाटले.

बाकीच्या मालाबद्दल थोडक्यात लिहितो. पाइप आणि फिटिंग्ज ठीक, निवड मर्यादित. मोरबीच्या टाइल्सची तीन खोकी वेगळ्या शेड नंबरची निघाली. ती बदलून मिळाली, परंतु त्यासाठी नऊ दिवस थांबावे लागले आणि फरशीवाल्याचे खाडे भरून द्यावे लागले, म्हणून टाइल्स घेताना प्रत्येक खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर यार्डातच जुळवून घ्यावा. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या फरश्या जिथून येतात त्या गावांचीच नावे वागवतात आणि त्या येथे तिन्ही मिळतात. कडप्प्याच्या कडा मात्र वाहतुकीत फार उडतात. विटा मी दुकानातून घेतल्या नाहीत, भट्टीवरून थेट आणल्या.

भावाचे म्हणाल तर सिमेंट पोत्यामागे पाच ते सात रुपयांनी आणि सळई किलोमागे रुपयाने आसपासच्या दुकानांपेक्षा महाग आहे. वर सांगितलेला वजनाचा हिशेब मांडला तर सळईत तो रुपया परत येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मी १९ आणि २४ सप्टेंबरची दोन बिले शेजारी ठेवून पाहिली. मूळ भाव तोच होता आणि कर तेवढा कमी झालेला होता. हमाली बिलात वेगळी, पोत्यामागे किती ते लिहून दाखवतात. उतरवून घेण्याचे पैसे मात्र पहिल्या तीन खेपांत आगाऊ सांगितले नव्हते आणि गाडी दारात उभी असताना त्यावर बोलणे करावे लागले. ते काउंटरवरच सांगायला हवे.

यार्डाच्या दिवाणजीच्या कामाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण वर जे काही चांगले म्हणून लिहिले ते त्या एका कामातून निघालेले आहे. हा माणूस सकाळी आठला फाटक उघडतो. काउंटरवरून आलेला कागद वाचून कोणती थप्पी सोडायची ते सांगतो, हमालांना टोळीप्रमाणे गाड्या वाटून देतो, काट्याचे आकडे लिहितो, चलनाच्या तीन प्रती करतो, एक गिऱ्हाइकाची, एक ड्रायव्हरची, एक दुकानाची, आणि संध्याकाळी रजिस्टरातली शिल्लक आणि थप्प्यांतली शिल्लक जुळवतो. जुळली नाही तर तो घरी जात नाही. गिऱ्हाईक, मालक, गाडीवाला आणि हमाल या चौघांचे बोलणे त्यालाच ऐकून घ्यावे लागते. सिमेंट सारखे हाताळून बोटांची कातडी फाटते, कारण घामाशी मिसळले की ते चुन्यासारखे चावते. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर त्याच्या खुणा अजून आहेत. धूळ पोटात राहू नये म्हणून आमचे हमाल दुपारी गुळाचा खडा खात आणि मीही खात असे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली, तेव्हा आमच्या गोदामात छातीएवढे पाणी होते. पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडले तर थप्प्या जशाच्या तशा उभ्या होत्या, फक्त प्रत्येक पोत्याचा दगड झाला होता. पोत्याच्या घड्या आणि शिवणीचे टाके त्या दगडावर स्पष्ट उमटलेले होते. स्टॉक रजिस्टर मी आदल्या संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेले होते, आणि विम्याच्या माणसासमोर ठेवायला आमच्याकडे तेवढा एकच कागद उरला. म्हणून या यार्डात रजिस्टर उंच फळीवर असते आणि दिवसाअखेरच्या पानाचा फोटो मालकांच्या मोबाइलवर जातो हे पाहून मला बरे वाटले. हे त्या मुलाला कोणी शिकवले ते मी विचारले नाही.

दुकानाने या लोकांसाठी काय केले आहे ते गिऱ्हाइकानेही पाहावे अशी माझी विनंती आहे. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रातल्या हमालांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झगडून मिळवला, आणि तरीही पन्नास किलोंचे पोते आजही माणसाच्या पाठीवरूनच गाडीत चढते. येथे पिण्याचे थंड पाणी, हातपाय धुवायला नळ आणि साबण आहे, हमालांना बूट दिलेले आहेत, दिवाणजींच्या काट्याजवळ पत्र्याची सावली आहे. धुळीसाठी मास्क मात्र नाहीत, रुमाल बांधतात. पोती उतरवताना गोदामात ढग उठतो आणि त्यात उभे राहून दिवाणजी पोती मोजतात. मी मालकांना दोनदा हे सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांनी मागवतो म्हटले, जानेवारीपर्यंत ते आलेले नव्हते. पाचपैकी एक गुण मी वाळूच्या प्रकरणासाठी कापणार होतो. तो मी मास्कसाठी कापतो, आणि वाळूसाठी अर्धा. साडेतीन गुण देऊनही पुढच्या कामाला मी याच दुकानात जाईन.

जानेवारीत काम संपल्यावर अकरा पोती उरली. न फोडलेला माल पंधरा दिवसांत परत घेण्याची या दुकानाची पद्धत आहे, म्हणून मी ती टेम्पोत घालून नेली. दिवाणजींनी प्रत्येक पोत्यावरचा आठवडा वाचला, मग एकेक पोते आडवे ठेवून दोन्ही तळव्यांनी कोपऱ्याकडून मध्याकडे दाबत गेले. नऊ पोती त्यांनी बाजूला ठेवली. दहाव्याच्या एका कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी माझा हात धरून तेथे ठेवला. आत सुपारीएवढा गोळा लागत होता. अकराव्यातही तसाच. "काका, ही दोन भिंतीला टेकली होती का?" त्यांनी विचारले. टेकली होती. मागच्या खोलीत जागा नव्हती म्हणून मीच ती टेकवून ठेवली होती. त्यांनी रजिस्टरात नऊ पोती जमा लिहिली, माझी सही घेतली आणि दोन पोती हमालाकडून पुन्हा टेम्पोत चढवून दिली.